वेंगुर्ल्याची ओढ

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
४ नोव्हेंबर १९९६

ती. सुधाकरकाकांस,
सा. न. वि. वि.

गोव्याहून सुटणाऱ्या संशोधन जहाजावर महिनाभर समुद्राचा तळ मोजायला माझी निवड झाली आहे. जहाजाखालून आवाज सोडायचा आणि तो तळावर आपटून परत यायला किती सेकंद लागतात ते बघायचं. चार लागले, तर खाली तीन किलोमीटर पाणी. तिथेही डोंगर आहेत, दऱ्या आहेत. पण बाबा म्हणतात, जायचं नाही. कारण काय, तर मासळीचा वास! त्यापेक्षा शेजारच्या केतनसारखी गुडगावच्या नव्या कंपनीत लाग म्हणतात, ए.सी. ऑफिस, दारात बस, बिल्कुल आराम. तुम्ही जन्मभर बंदरात भरती-ओहोटी नोंदवलीत. तुमच्या धाकट्या भावाला भरती कधी येते, तेवढं कळवा.

लोभ आहेच, आमसुलं मात्र संपली आहेत.

आपली,
क्षिप्रा

वेंगुर्ले
१२ नोव्हेंबर

चि. क्षिप्रास अ. उ. आ.

मासळीचा वास? तुझा बाप माझ्या ताटातला बांगडा पळवायचा. खरं कारण मी आहे. तो बारा वर्षांचा, मी सोळाचा. घाबरट म्हणून चिडवून मीच त्याला पाण्यात उतरवलं. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी कधी एखाद्या अरुंद वाटेने जोरात परत आत जातं. आम्ही तिला ओढ म्हणतो. विनू तिच्यात सापडला आणि सरळ किनाऱ्याकडे हात मारून दमला. ओढीशी भांडायचं नसतं. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं, मग लाटाच बाहेर आणतात. कसेबसे आलो बाहेर. पुन्हा तो समुद्राकडे फिरकला नाही, आणि मी कधी माफी मागितली नाही. हे पत्र त्याला दाखव.

पहिले चार दिवस ओकशील, दिल्लीकर. तेव्हाही आमच्यावर माया राहू दे.

तुझा काका

लक्ष्मीबाई नगर
२१ नोव्हेंबर

ती. काकांस सा. न.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. मग दूध आणायला म्हणून गेले ते दोन तासांनी परत आले, दुधाशिवाय. आईने काळा चहा दिला. तो पिऊन मला म्हणाले, "ओढीत सापडलीस तर काय करशील?" मी सांगितलं. आता हेच रोज विचारतात. मी जहाजावर असेन, पोहायला जात नाहीये, हे त्यांना पटत नाही. गोव्यापर्यंत सोडायला स्वतः येणार आहेत. म्हणे सामान जड आहे. सामान एक बॅग आहे.

तुम्हा दोघा भावांच्या मधली,
क्षिप्रा

वास्को
९ डिसेंबर

ती. दादास,
सा. न.

जहाज आज सकाळी सुटलं. क्षिप्रा हात हलवत होती. मी धक्क्याच्या अगदी कडेला उभा होतो, खांबाला घट्ट धरून. तू मला चिडवलंस हे खरं. पण त्या दिवशी मी ओरडून सांगत होतो, मला सोड, तूही बुडशील. आणि तू हात सोडला नाहीस. हे तू पोरीला लिहिलं नाहीस. म्हणून जहाजावर चढण्यापूर्वी मीच तिला सांगितलं.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने वेंगुर्ल्याला येतो. भेटल्यावर माफीबिफी काढू नकोस. मला रडू येईल आणि तू पुन्हा चिडवशील.

तुझा,
विनू