मधल्या खोलीतली काळी बिअर

८ डिसेंबर, रविवार

घातली एकदाची! बादली मधल्या खोलीत आहे. ऊन लागू नये म्हणून खिडकीपासून लांब, आणि रात्रीचा गारठा लागू नये म्हणून ह्यांच्या जुन्या घोंगडीत गुंडाळून. बघणारा म्हणेल, घरात बाळंतीण आहे.

माझी लेक आकांक्षा दिवाळीला इंग्लंडहून आली तेव्हा घरी बिअर करायचे दोन किट घेऊन आली. एकेका डब्यात भाजलेल्या जवाचा पाक — काळा, घट्ट, काकवीसारखा. चमचा उभा राहतो! आधी बादली, पळी, सगळं किटमधल्या पावडरीनं धुतलं. पाक गरम पाण्यात विरघळवला, वरून गार पाणी ओतलं, यीस्टची पुडी भुरभुरली आणि झाकण लावलं. झाकणावर एक वाकडी नळी, तिच्यात घोटभर पाणी. आतली हवा बाहेर जाणार, बाहेरची आत येणार नाही.

मागच्या वर्षी पोरीकडे गेले होते तेव्हा तिनं पहिल्यांदा काळ्या बिअरचा ग्लास पुढे केला. "आई, घोट घे. नाही आवडलं तर ठेव." ठेवायला काही उरलंच नाही. दिसायला कोळसा. चव मात्र — आधी फुटाणे, मग करपायच्या बेतात आलेला गूळ, आणि गिळून झाल्यावर जिभेवर कॉफी! वीस वर्षं ह्या अमरावतीत कोचिंगच्या पोरांची खानावळ चालवली मी. काळ्या मसाल्यात खोबरं जरा जास्त भाजलं गेलं तर वासावरून सांगते. मला चव कळते. ही चव मला माझ्या घरात, माझ्या हातची हवी आहे. बस!

९ डिसेंबर

नळी गप्प. दिवसातून वीसदा पाहून आले. काहीच नाही.

१० डिसेंबर

बोलली! सकाळी चहा ठेवत होते, मधल्या खोलीतून — बुड्. थोड्या वेळानं पुन्हा — बुड्. चहा उतू गेला. जाऊ दे.

१३ डिसेंबर, शुक्रवार

हलीमाबी आली होती. भिंतीला भिंत लागून घर, तीस वर्षांचा शेजार, तिच्यापासून काय लपणार! नाक वर करून म्हणाली, "भाभी, डोसे का आटा रखा क्या?" घोंगडी बाजूला करून दाखवलं. सांगितलं सगळं.

पदर नाकाशी धरला. मग म्हणाली, "हमारे यहाँ तो हराम है. मगर घर तुम्हारा, हाथ तुम्हारे. बस मेरे को चखने को मत बोलना."

"तुम चखोगी तो मेरे को क्या बचेगा?"

हसली. जाताना दार ओढून घेतलं — वास गल्लीत जाऊ नये म्हणून!

१८ डिसेंबर

बाटल्यांसाठी भंगारवाल्या बशीरकडे गेले. बिअरच्या, तपकिरी, टवका न उडालेल्या. तो आधी समजलाच नाही. "भाभी, विकायच्या आहेत?" "नाही, घ्यायच्या आहेत." "तेलासाठी?" "बिअरसाठी." दुकानात दोन माणसं होती, दोघंही वळली. मी एकेक बाटली उजेडात धरून, बोट फिरवून, निवडून घेतली. घाई केली नाही. बघा म्हटलं, पोटभर बघा!

२१ डिसेंबर, शनिवार

बाटल्या भरल्या. बाटल्यांना पत्र्याचे बिल्ले ठोकायचं किटमधलं हातयंत्र झकास आहे — खट्! प्रत्येक बाटलीत चिमूटभर साखर, म्हणजे आत फेस धरतो.

आकांक्षा फोनवर ओरडत होती, "आई, बिअरमध्ये तरंगणारी मोजायची काचेची नळी दोन दिवस एकाच रेघेवर राहिली पाहिजे. नाहीतर आत अजून काम चालू आहे. थांब थोडी!" नळी अजून खाली सरकत होती. केसभर. मी थांबले नाही. आजवर थोडं थांबले का!

२९ डिसेंबर, रविवार

फुटली!

दुपारी जेवून लवंडले होते. धडाम्! आधी वाटलं, छत पडलं. मधल्या खोलीत भिंतीवर काळा फेस ओघळतोय, काचा देवघरापर्यंत. तेवढ्यात हलीमाबी अनवाणी धावत, "या अल्लाह! सिलेंडर फटा क्या?" तिच्या मागे अर्धी गल्ली. समोरचे आले, कोपऱ्यावरचे आले, ज्यांच्याशी बोलणं नाही तेही आले. सगळे माझ्या मधल्या खोलीत उभे आणि खोलीभर तो वास. भाजका, गोड, उग्र.

"काय हो काकू हे?"

हलीमाबीनं माझ्याकडे पाहिलं. ती काहीतरी सांगून निभावणार होती, मला दिसलं. मीच म्हटलं, "बिअर हाये. मी केली."

कोणी हसलं नाही. एकेक करून गेले. हलीमाबी मात्र थांबली, झाडू घेतला, काचा भरल्या. "मैं पी नहीं रही," म्हणाली, "झाडू मार रही."

उरलेल्या बाटल्या टॉवेलमध्ये धरून एकेकीचा बिल्ला सैल केला, फुस्स करून हवा सोडली, पुन्हा बंद केल्या. आता सगळ्या फ्रिजमध्ये. भाजी बाहेर. चूक माझी होती — पण घाईची. करण्याची नाही.

३१ डिसेंबर

सासरी तेल्हाऱ्याला कळायला दोन दिवस लागले. माझ्या मते उशीरच झाला.

उत्तमरावांचा फोन. ह्यांचे धाकटे भाऊ, कापसाच्या जिनिंगचा कारभार, गावात मान. "वयनी, हे काय आयकून राहिलो मी? भाऊ असता तं...?" आणि मग, "रविवारी येतो. काकालेबी आनतो." फोन ठेवला की आपटला, कळलं नाही.

भाऊ असता तर! भाऊ असताना काय होतं ते मला विचारा. ह्यांची दर शनिवारी ह्याच मधल्या खोलीत बैठक. चार मित्र, सतरंजी, बाटल्या. मी आत. शेंगदाणे तळ, कांदा चीर, कलेजी सुकी कर, लिंबू काप, बर्फ फोड. सव्वीस वर्षं चखणा मी केला! उत्तमराव तेल्हाऱ्याहून आले की तेही मांडी घालून बसायचे — "वयनीच्या हातच्या दान्याले तोड नाई!" तेव्हा घराला बट्टा लागला नाही. एकदाही कुणी विचारलं नाही, तुले काय पाह्यजे. एकदाही!

ह्यांना मी दोष देत नाही. ते भांडखोर नव्हते, पिऊन कधी आवाज चढवला नाही. फक्त, ग्लासात काय आहे आणि त्याला कशाची चव आहे, हे मला विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

येऊ दे रविवारी.

५ जानेवारी, रविवार

आले. उत्तमराव, त्यांची बायको मैनाबाई, आणि देवरावकाका — माझे चुलतसासरे, ऐंशी ओलांडलेले, काठी टेकत. मैना नमस्कार करून सरळ स्वयंपाकघरात. ती कधीच पुढे बसत नाही.

उत्तमराव उभेच. "भावाले जाऊन दोन वर्सं नाई झाले, अन् घरात दारूची भट्टी!"

"भट्टी नाई भाऊजी, बादली हाये. पाहता?"

"लोकं काय म्हनतीन?"

"दोन वर्सांत लोकं एकदाबी आले नाई. त्या दिवशी सारे आले. बरं वाटलं."

लाल झाले. "मी एक्साइजवाल्याईले फोन करतो. मंग समजन!"

"करा. म्या इकली नाई, कोनाले पाजली नाई. तरी गुन्हा असन तं माह्या नावानं लिहू द्या. आन् त्याईले म्हना, जिनिंगच्या हापिसातलं कपाटबी पाहून घ्या."

फोनसाठी खिशाकडे गेलेला हात परत आला.

देवरावकाकांनी काठी आपटली. "आधी दाखव तं मले, काय केलं त्वा."

फ्रिजमधून एक बाटली काढली. मीही अजून चाखली नव्हती! स्टीलच्या ग्लासात ओतली. फेस आला. दाट, साय आल्यासारखा, बदामी रंगाचा! काकांनी वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले.

"कडू हाये." थांबले. दुसरा घोट. "पन करपट नाई. कॉफीवानी लागते. उत्तम, हे तुह्या रमपेक्षा बेस हाये लेका!"

"काका!"

मी माझा ग्लास भरला आणि त्यांच्यासमोर प्यायले. उभ्यानं. फुटाणे होते. गूळ होता, जरा कमी. कॉफी शेवटी, हळूच. आली होती चव! आली होती! ज्या वेळी जीव धसकलेला पाहिजे त्या वेळी मला हसू यायला लागलं.

ते हसू उत्तमरावांना सहन झालं नाही. आवाज एकदम खाली आणून बोलले — ते ओरडण्यापेक्षा वाईट. "वयनी, हे घर बाबानं दोघा भावाईच्या नावानं केलं. अर्धा हिस्सा माहा हाये. आजवर कधी बोललो नाई. हे बंद करा, अन् तेल्हाऱ्याले चाला आमच्यासंग. नाई तं माहा हिस्सा मी इकून टाकतो. मंग कोन येऊन राह्यते बाजूच्या खोलीत, ते पाहा."

मी ग्लास खाली ठेवला. "इका. मधात भिंत घाला. सैपाकघर आन् मधली खोली माह्याकडं ठेवजा, बाकी कोनालेबी द्या."

ते तडक बाहेर गाडीत जाऊन बसले. काका हळूहळू उठले, ग्लास रिकामा करून.

स्वयंपाकघरात गेले तर मैना ग्लास घासत होती. वाटलं, ही तरी काही बोलेल. बोलली. माझ्याकडे न बघता.

"जाऊबाई, तुमचं भागते. तिकडं राग माह्यावर निंगते. तुमची बाटली फुटली तवापासून रोज ताट भिरकावून राहिले. भाजीत मीठ कमी, ताट भिरकाव. मीठ जास्त, ताट भिरकाव. बंद करून टाका न! एका बादलीपायी कायले?"

नळ बंद केला, पदराला हात पुसले, निघून गेली.

तिनं घासलेला ग्लास मी पुन्हा घासला.

६ जानेवारी

दिवसभर काही केलं नाही. दुसरा डबा काढला, ओट्यावर ठेवला, परत कपाटात टाकला. एक्साइजचं भय नाही. घराचंही, बघू, निभावेन. पण ते ताट! मी इथे हसत ग्लास उचलायचा आणि तिनं तिथे भिंतीवरची आमटी पुसायची. हलीमाबीला सांगितलं. ती सुपारी कातरत होती. मग म्हणाली, "बादली से पहले नहीं फेंकता था क्या?"

७ जानेवारी

फेकत होता. आज आठवून पाहिलं. ह्यांच्या तेराव्याला फेकलं होतं, वडा गार म्हणून. मैनाच्या पोरीच्या लग्नातही, मांडवामागे. तेव्हा कुठे होती बादली?

ताट तो भिरकावतो. बादली नाही भिरकावत!

मैनाला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा उचलला. मी म्हटलं, "बंद नाई करत मी. आन् तुह्या ताटाचा दोष माह्यावर घेत नाई. तूबी तुह्यावर घेऊ नोको." मग फोन कट.

चुकलं का माझं? तिला अजून एकटी पाडली का? माहीत नाही. पण खोटं बोलले नाही.

८ जानेवारी, बुधवार

दुसरा डबा फोडला! ह्या वेळी शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांची साल. पांढरा भाग खरवडून काढला — तो नुसता कडवट — वरची साल सावलीत वाळत घातली आहे. पहिला फसफसाट बसला की, पाच-सहा दिवसांनी, बादलीत टाकणार. आणि थोडा काळा गूळ, कारण मागच्या खेपेला तो कमी पडला. आकांक्षा म्हणते, "आई, किटच्या कागदावर असं काही लिहिलेलं नाही." नसू दे. कागद लिहिणाऱ्यानं आमच्याकडची संत्री खाल्ली नसतील.

आणि ह्या वेळी काचेची नळी एका रेघेवर थांबेपर्यंत मी थांबणार. ते मात्र कबूल.

१० जानेवारी

झाकणावरची नळी बोलायला लागली. उत्तमरावांचा निरोप — सोमवारी गिऱ्हाईक घेऊन घर दाखवायला येतो. या म्हणावं. बादली हलवणार नाही.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी दार वाजलं. मैना. तेल्हाऱ्याहून पहिल्या गाडीनं, एकटी, हातात दोन पिशव्या. मी तिनं काही म्हणायच्या आतच सांगून टाकलं, "मी बंद नाई करनार."

"नोका करू. मी त्याच्यासाठी नाई आली." चपला काढल्या, आत आली, सगळ्या घरावरून एकदा नजर फिरवली. "माह्या नवऱ्याचा ह्या घरात अर्धा हिस्सा हाये न? इकाच्या आधी मी त्याच्यात राह्याले आली. अर्धा कोन्ता, तेवढं सांगा."