‘पंख्याखालचे दोघे’ या कादंबरीच्या शेवटच्या आठ पानांबाबत

मी, खाली सही करणारा, धंदा पंखे व कूलर दुरुस्ती, शिक्षण दहावी (गणित राहिले), लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही, आणि हा कागद मी स्वतःच्या अक्षरात, आधी कच्चा व मग पक्का, असा लिहिला आहे. येत्या गुरुवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. पण त्यांनी ज्या कागदावर माझी सही घेतली त्यात काय काय होऊ शकते ते सगळे छापलेले आहे, आणि तो कागद पूर्ण वाचणारा मी पहिलाच पेशंट, असे नर्सबाई म्हणाल्या. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हटल्यास ते खोटे समजावे.

१. बँकेत जे काही आहे ते आईचे. माझी खाट आणि लोखंडी कपाट दादाचे. कपाटाचे दार उचलून लावावे, ओढू नये. हे मी दादाला हयातीतच पुष्कळदा सांगितले आहे.

२. दुकानातले वाइंडिंग मशीन व हत्यारे माझ्या जोडीदाराला द्यावीत. तो सगळी कामे अंदाजाने करतो म्हणून मी त्याला ‘अंदाजे’ म्हणतो. तो मला ‘शुद्धलेखन’ म्हणतो. त्याने यापुढे तरी तारेचे वेढे मोजून घालावेत.

३. आता मुख्य मालमत्ता, म्हणजे माझी कादंबरी. थंडीत दुकानाला काम नसते तेव्हा मी ती लिहिली. सुट्टीत मावशीकडे आलेली मुलगी, तिच्या खोलीतला कुरकुरणारा पंखा, आणि तो दुरुस्त करायला पुन्हा पुन्हा जाणारा मेकॅनिक, एवढीच गोष्ट आहे. हलकीफुलकी आहे आणि मी ती हलकीफुलकीच लिहिली. उन्हात बाहेर पडवत नाही अशा दुपारी कोणी आडवे पडून वाचावी आणि बरे वाटावे, यापलीकडे माझा हेतू नव्हता. शेवटाकडे मुलगी बसमध्ये बसते आणि बस सुटते. त्यानंतरच्या आठ पानांत मेकॅनिक पुढच्या थांब्यावर बस गाठतो आणि दोघांचे जमते.

छापखान्यात पुस्तक सोळा सोळा पानांच्या घड्यांनी तयार होते. घडीला फर्मा म्हणतात. माझ्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा अर्धाच, आठ पानांचा. असा अर्धा फर्मा एका मोठ्या कागदावर दोनदा छापतात आणि मधोमध कापतात. कापल्यावर दोन थप्प्या झाल्या. बांधणीवाल्या काकांनी पाहिले की दोन्हींत तेच आहे, तेव्हा दुसरी थप्पी जादा समजून त्यांनी बाजूला टाकली. पहिल्या थप्पीत निम्मी पुस्तके झाली. उरलेली दुसऱ्या दिवशी काकूंनी बांधली. टेबलावर जेवढे फर्मे दिसले तेवढे त्यांनी जुळवले. आणि बाजूला टाकलेल्या कागदात पुस्तकांचे गठ्ठे बांधून दुकानांना पाठवले. म्हणजे माझा शेवट पुस्तकाच्या बाहेरून गुंडाळून गेला आणि दुकानदारांनी तो फाडून टाकला. बस सुटते ते वाक्य नेमके पानाच्या तळाशी पूर्ण होते, त्यामुळे काही कमी आहे असा कोणाला संशयही आला नाही.

४. मतांविषयी. साप्ताहिकातल्या समीक्षकाकडे अपुरी प्रत गेली. त्यांनी लिहिले की एका नवख्या लेखकाने सुखान्ताचा मोह धीटपणे टाळला आहे. शेजारच्या केशकर्तनकारानेही अपुरीच वाचली आणि माझी हजामत करताना तो अवाक्षर बोलला नाही. मी खुर्चीतून उठलो तेव्हा म्हणाला, पोरीला असे जाऊ देतात होय. वाचनालयातल्या बाईंकडे पुरी प्रत होती. त्यांच्या मते साखर जास्त झाली. माझ्या जुन्या सरांनी पुरी प्रत परत करताना ‘वेळ बरा गेला’ एवढेच म्हटले आणि पाणी मागितले. वाचनालयात दोन बायकांची माझ्यादेखत जुंपली. एक म्हणे तो बसमागे धावला, दुसरी म्हणे तो जागचा हलला नाही. पहिलीने दुसरीला विचारले, पुस्तक वाचलेत की नुसते चाळलेत. मी कपाटाआड उभा होतो. कोणाची बाजू घ्यावी ते कळेना, म्हणून घरी आलो.

जे मी लिहिले नाही त्याची वाहवा आणि जे लिहिले त्याला नावे, असा हा प्रकार आहे. मी यावर फार चिडलो आहे आणि ऑपरेशनपूर्वी चिडणे चांगले नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

५. प्रकाशकांना आता दुसरी आवृत्ती काढायची आहे, पण अपुरी. ते म्हणाले, “ती आठ पानं विसर. कागद वाचेल आणि तू लेखक होशील.” मी म्हटले, पाती काढून मी कोणाला पंखा परत देत नाही. मी ऑपरेशन होऊन घरी येईपर्यंत त्यांनी करार थांबवला आहे. मी घरी न आल्यास ते दादाकडे जातील, आणि दादा कुठेही सही करतो.

६. म्हणून कादंबरीचे सर्व हक्क मी वहिनींना देत आहे. त्या माझे कौतुक करणाऱ्यांतल्या नाहीत हे घरात सर्वांना ठाऊक आहे. दातांच्या दवाखान्यातल्या नोकरीत पेशंटचे नंबर लावता लावता त्यांनी दोन्ही प्रती वाचल्या. मी विचारले, कुठली बरी. त्या म्हणाल्या,

“भाऊजी, शेवट गोड आहे याचं मला काही नाही. पण तो बोलतो, ड्रायव्हर बोलतो, कंडक्टर टाळ्या वाजवतो. तिला कोणी विचारलं का?”

मी म्हणालो, तिच्या डोळ्यांत दिसते की.

“डोळ्यांत काय दिसतं ते तुम्ही लिहिलंत. ती काय म्हणाली ते कुठंय?”

मला इतका राग आला की मी ताटावरून उठलो. नंतर आठही पाने तपासली. ती एक शब्दही बोलत नाही. तेव्हापासून मी तिचे वाक्य लिहायला बसतो आहे. जे लिहितो ते मीच बोलल्यासारखे वाटते.

७. अटी. आठ पाने छापलीच पाहिजेत. सातव्या पानावर तो विचारतो, “उतरतेस का?” त्याखाली जागा सोडून तिचे उत्तर वहिनींनी लिहावे, लागेल तेवढे लांब. शुद्धलेखन वाचनालयातल्या बाईंनी पाहावे. मजकुराला हात लावू नये. प्रकाशक, समीक्षक व दादा यांना त्यात बोलण्याचा हक्क नाही. मी शुद्धीवर आलो तर मलाही नाही. हे कलम मी जिवंत असलो तरी लागू राहील.

उत्तर ‘नाही’ असे आल्यास पुढचा सगळा मजकूर काढून टाकावा आणि बस जाऊ द्यावी. पण ती तसे म्हणाली, एवढे छापलेले असावे.

लिहून ठेवणार: (सही) वहिनींचा धाकटा दीर

वहिनी व अंदाजे यांना यातून काही मिळत असल्याने साक्षीस घेतलेले नाही. लिहून ठेवणाऱ्याने आमच्या डोळ्यांसमोर, पेन दोनदा तपासून, सही केली:

साक्षीदार १: (सही) शेजारचा केशकर्तनकार
साक्षीदार २: (सही) वाचनालयातल्या बाई

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: ११ मे, मंगळवार