मरळीतला लाल जंत

मॅडम, जंत ग्लिसरीनमध्ये टाकलाय. आरपार दिसायला त्याला वेळ लागेल, तोवर तुम्हाला लिहीत बसतो. एका जागी बसणं मला जमत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, तुमचा प्राणिशास्त्राचा वर्गही, मग उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात धागे कापले, मग टेम्पोवर क्लीनर झालो, मधेच वांगणीला मित्राबरोबर कोंबड्या पाळल्या. त्या कोंबड्यांचं वेगळंच प्रकरण आहे, ते जाऊ दे. सध्या अंबरनाथच्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी एमआयडीसीतून कामगारांच्या रक्ताचे नमुने आणतो. आज रविवार, लॅबमध्ये गर्दी नाही, आणि कोपऱ्यातला मायक्रोस्कोप रिकामा आहे.

तुमचं खरवईचं स्वयंपाकघर आठवतंय. ओट्यावर मरळ आहे, तुम्ही तिचं पोट उघडताय. मांस पातेल्यात, आतडी काचेच्या बशीत. "रस्सा तुझा, आतडी माझी," तुम्ही म्हणता. बशीत दोऱ्यासारखे लाल जंत वळवळतायत. मी एक चिमट्याने उचलला आणि थेट बाटलीतल्या थंड स्पिरिटमध्ये सोडला. त्याचं क्षणात वेटोळं झालं. "गारठ्यात टाकलंस तर कोण सरळ राहील? आता मोज याची शेपटी, मोज ना!" मग तुम्ही स्पिरिटची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली (गॅसवर नाही, पेटेल म्हणून), वाफ दिसल्यावर दुसरा जंत सोडला, आणि तो एका झटक्यात सुईसारखा ताठ झाला. जेवण झाल्यावर तुम्ही मला एक बारीक ब्रश दिलात. "चिमट्याने चेंगरतात रे ते." तो ब्रश कोंबड्यांबरोबर वांगणीला गेला, टेम्पोत फिरला, अजून आहे.

या जंताचं तोंड शिंपल्यासारखं, दोन फाळ्यांचं. त्यावरून घराणं कळतं. पण नेमकी जात ठरते नराच्या शेपटीवरून, जी गरम स्पिरिटमध्येही वाकडीच राहते, आणि बारवी धरणाकडच्या मरळीत तुम्हाला निघायच्या त्या नुसत्या माद्या. तुमच्या बाटल्यांवर म्हणून पहिलंच, घराण्याचं नाव असायचं, दुसऱ्याची, म्हणजे जातीच्या नावाची जागा कोरी. हॉस्पिटलात शेवटचं भेटलो तेव्हा नाकाला नळी होती, तरी विचारलंत, "नर मिळाला का रे?" मी तेव्हा मासे बघणं सोडलेलं होतं. तरी म्हटलं, "बघतो मॅडम."

आणि काल काय झालं, कुळगावच्या बाजारात बारवीकडची एक मावशी टबात जिवंत मरळ घेऊन बसलेली. मी थांबलो. तिने मासा उचलून दाखवला. "आतमंदी किडा निगला तर परत आनू नको हां."

"मावशी, किडाच पाहिजे मला."

"अगं बाय! मग मासा हितंच ठेव, किडा ने." शेजारणी खिदळल्या. मी मासा घेतला.

आतड्यात एकच जंत होता. आखूड, बारीक, शेपटीकडे वाकल्यासारखा. मादी एवढी छोटी मी कधी पाहिली नव्हती. स्पिरिट पाण्यात तापवलं, तुमच्या ब्रशने उचलला, सोडला. वाफ डोळ्यांत गेली, शेपटीचं काय झालं ते दिसलंच नाही.

"क्या रे, पेशंट का है?" टेक्निशियन आत्ताच डोकावून गेला.

"मासा आहे, दादा."

"फिर फास्टिंग में लाया कि नहीं?"

आता साफ दिसतोय, मॅडम. मी बराच वेळ तोंडच बघत बसलो. फाळ्या, त्यांच्यावरच्या रेघा, सगळं तुम्ही दाखवलं तसं. शेपटीकडे काच सरकवायचं धाडस होईना. शेवटी सरकवली.

मादी आहे. शेपटी सरळ आहे, पूर्ण सरळ. आणि पोटात पिल्लं ठासून भरलीत. म्हणजे नर आहेच कुठेतरी, बारवीच्या पाण्यात, कुठल्यातरी मरळीत.

बाटलीवर पहिलं नाव लिहिलं. हा कागद आता कुठल्या पत्त्यावर टाकणार, ब्रशच्या डबीत घडी करून ठेवतो. एक सांगू? दुसऱ्या नावाची जागा कोरी सोडताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट थोडं बरं वाटलं.