लागलं का?

१२ जानेवारी २००२

पिकपच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, बदलायच्या ठरल्या! आज जेवताना सासूबाईंनी हुकूम काढला. अबोलीला चौथा लागला, दर पंधरा दिवसांनी गोंदियाला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं, आणि – "ह्या गाडीत तं मी माह्या म्हशीलेही बसवणार नाही, इतकी आदळते." दीर मोहित मान खाली घालून वरण ओरपत होता. बायको त्याची, बाळ त्याचं, पण बोलायचं आईनं. हे म्हणाले, "हौ. हिरालालले दाखवतो."

हौ! एका शब्दात काम झालं.

मी पोळ्या वाढत होते. वाढत राहिले.

१३ जानेवारी

काल पुढचं लिहायला हात चालेना. आज लिहूनच टाकते. तीन वर्षांपूर्वी ह्याच गाडीत, ह्याच सीटवर मी बसले होते. पाचवा महिना. यांनी राइस मिलचा तांदूळ गोंदियाला उतरवला, मला डॉक्टरीणबाईंना दाखवलं आणि रिकामी गाडी घेऊन परत निघाले. दुसरी खेप धरायची होती ना! भरलेली पिकप तरी दबून चालते. रिकामी कशी उसळते ते बसणाऱ्यालाच ठाऊक. मी म्हटलं, जरा हळू घ्या. म्हणाले, "धरून बस. पोहचलोच." राजेगावपाशी पोटात कळ आली. गाडी वळवून पुन्हा गोंदिया. दवाखान्यात सुई टोचली एवढं आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "रस्ताच तसा हाय, कोण काय करन." हे तर काहीच बोलले नाहीत. आजवर नाहीत. कमानी तेव्हाही ह्याच होत्या. तेव्हा त्या कुणाला टोचल्या नाहीत, आता बरोबर टोचल्या!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला. बोलले.

१८ जानेवारी

हिरालालचं गॅरेज लालबर्रा रोडला आहे. यांच्या शाळेतला दोस्त. तो म्हणाला म्हणे, "भाऊ, ये गाडी माल के लिए बनी है, सवारी के लिए नहीं. कमानी का एक पट्टा निकाल देता हूँ, नरम हो जाएगी." निघाला पट्टा. संध्याकाळी गाडी दारात.

आता नरम झाली की नाही हे कोण सांगणार? सासूबाईंकडे उत्तर तयार होतं. "अबोलीले एकदम कशी बसवता? पहिले मंजूले फिरवून आण. दोघींचं वजन सारखंच हाय."

म्हणजे मी तांदळाचं पोतं. आधी मला आदळून बघायचं, मग अबोलीला बसवायचं. मोहितसुद्धा म्हणाला, "हौ वहिनी, तुमालेच बरोबर समजन." काय समजेल ते त्याला समजलं का? नाही समजलं. शेंगदाणे खात होता.

२० जानेवारी

राजेगावपर्यंत जाऊन आलो. मी आणि हे. गाडी नरम झाली खरी, पण खाली बसली. रस्त्यातला दगड तिच्या पोटाला खरडला, केवढा आवाज! यांनी ब्रेक मारला. म्हणाले, "लागलं का?"

मी म्हटलं, "कोणाले? गाडीले?"

"तुले."

हौ म्हटलं. लागलंच होतं.

२२ जानेवारी

हिरालालनं एक्सल आणि कमानीच्या मध्ये लोखंडी गुटके टाकून गाडी वर उचलली. आता ती उंटासारखी दिसते. शेजारच्या चंपाबाई विचारून गेल्या, "चुनाव लढून राह्यले का?" बसण्यासाठी खाली स्टूल ठेवावं लागतं. अबोली हसून म्हणाली, "ताई, मला तर क्रेननंच चढवावं लागेल!" पोरगी वाईट नाही. तिच्यावर राग काढता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. तोवर ती बिचारी छोट्या लाइनीच्या रेल्वेनं जाऊन येते.

२७ जानेवारी

पुन्हा राजेगाव. खरं सांगायचं तर गाडी झकास चालली. खड्डा आला तरी नुसती डुलली. हे बैलगाडीसारखे हळू चालवत होते, आणि दर खड्ड्याला – "लागलं का?"

मी म्हटलं, हौ.

पुढचा खड्डा. "आता?" – हौ. जास्त लागलं.

खोटं बोलले! का बोलले? वाटेत काही कळलं नाही. घरी येऊन भांडी घासताना कळलं. मी "नाही" म्हटलं असतं तर उद्यापासून अबोली बसली असती त्या सीटवर, आणि मला कुणी काही विचारलं नसतं. तीन वर्षांपूर्वी हाच माणूस, हाच रस्ता. एकदा मान वळवून बघितलंसुद्धा नव्हतं. आता विचार की! विचार, विचार!

३ फेब्रुवारी

शॉकप नवे टाकले, चारही. सासूबाईंची कुरकुर सुरू – "एवढ्यात तं नवी बैलजोडी आली असती." मी सीटवर बसले, दार लावलं, गावाबाहेर पडलो. लागलं का – लागलं. हे उतरले, खाली वाकून चाकं बघितली, हात पुसत पुन्हा बसले. मला हसू आलं. वाईट हसू. असं हसू मला येतं हे मला ठाऊक नव्हतं.

६ फेब्रुवारी

आदळायला नको होती तेव्हाच ही गाडी माझ्या नशिबाला बरोबर आदळली. आता नरम होऊन कुणाचं काय परत येणार?

१० फेब्रुवारी

आज घरी अबोलीची चोरओटी होती. मी फुलं आणली, नारळ आणला, ताट मांडलं. ओटी भरायची वेळ आली तशी सासूबाईंनी चंपाबाईंना हाक मारली. "लेकुरवाळीनं भराव, बरं राह्यते." मी ताट हातात घेऊन उभी! चंपाबाईंनाच कसंतरी झालं, त्या माझ्याकडे बघेनात. अबोली म्हणाली, "ताईंनी भरली तर काय होईल?" सासूबाई म्हणाल्या, "तू चूप बस."

दुपारी राजेगावला गेलो. आज मी इतक्या वेळा लागलं म्हटलं की यांनी गाडी बाजूला घेतली. स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मला वाटलं, आता चिडणार. चिडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मलाही तोंड उघडता आलं असतं. पण म्हणाले, "उद्या पुन्हा खोलाले सांगतो." बस एवढंच. ह्या माणसाशी भांडताही येत नाही!

१७ फेब्रुवारी

कमानीचे रबरी बुश बदलले, सीटखाली फोम घातला. आज हिरालाल स्वतः मागे हौद्यात बसून आला. परतल्यावर उतरला आणि मला हात जोडले. "भाभी, अब इससे नरम तो पालना ही होता है."

तो एकटाच हसला. मग त्याच्या लक्षात आलं. यांनी पाना उचलून डब्यात टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला. मी घरात निघून आले.

२३ फेब्रुवारी

अबोलीचे वडील गोंदियाहून आले आणि तिला माहेरी घेऊन गेले – रेल्वेनं! सासूबाई म्हणाल्या, गाडी तयार आहे, अगदी गादीसारखी केली. तर ते फार गोड बोलले, "नाही बाई, पिकपमध्ये नको. आमच्या मनाले बरं वाटत नाही. आता बाळंत होईपर्यंत तिकडेच राहू द्या." सगळं त्यांना ठाऊक आहे. गोंदियात सगळ्यांना ठाऊक असेल.

निघताना अबोली गळ्यात पडली. मी तिला म्हटलं, जपून. मनापासून म्हटलं, हेही लिहून ठेवते.

गाडी दारात उभी. उंच, नरम, रिकामी. सासूबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "सारा खर्च पाण्यात." मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उद्यापासून हे तांदूळ भरतील आणि मी पोळ्या लाटीन.

२४ फेब्रुवारी

सकाळी हे म्हणाले, "चाल." अबोली तर गेली, आता कशाला? विचारलं नाही, बसले.

राजेगावच्या पुढे नदीच्या पुलाअलीकडे गाडी थांबवली. रस्ताभर एकदाही काही विचारलं नव्हतं. काठावरच्या मोहाच्या झाडाकडे बोट दाखवलं. "तिथं हाय."

"काय?"

"पोरगी होती. दवाखान्यातून टॉवेलात गुंडाळून देल्ली मले. तू बेहोश होतीस. मीच पुरली. घरी कोणाले ठाऊक नाही. तुले कसं सांगाव, समजलंच नाही मले."

दर खेपेला ह्याच रस्त्यानं जातात. तीन वर्षं.

मी उतरले, झाडापाशी जाऊन बसले. हे मागे उभे. मी विचारलं – कशी होती? सांगायला लागले आणि रडू लागले. मी रडले नाही. मला ऐकायचं होतं.