पहिल्या रांगेतली ताई

ताई,

तू घर सोडून गेलीस त्याला सहा वर्षं झाली आणि मी अजून पडद्यावर धडपडतोच आहे. आता गुडघे कुरकुरतात.

मूकपटात आम्हाला वाक्यं नसायची. दिग्दर्शक ओरडायचा, "काहीही बडबडा, ऐकतंय कोण!" लोक माझ्या पडण्यावर हसायचे. लहानपणी तापात तुझे कान गेले, म्हणून तू एकटी माझे ओठ वाचून हसायचीस.

त्या दिवशी पाठीवर ट्रंक घेऊन मी अकराव्यांदा जिना चढत होतो. वैतागून तोंडातून गेलं, "ही बहिरी धोंड माझ्या गळ्यातून कधी सुटणार?" कॅमेरा चालू होता. मी विसरूनही गेलो. चित्रपट लागला तेव्हा सगळं थिएटर खो-खो हसत होतं, आणि तू पहिल्या रांगेत होतीस. सकाळी उठून मावशीकडे निघून गेलीस.

ट्रंकेला म्हणालो, असं सांगता आलं असतं. पण ट्रंक कुठे बहिरी असते?

आता बोलपट आले. काल नोकराच्या भूमिकेत चहाचा ट्रे धरून मी कॅमेऱ्याकडे बघत नुसते ओठ हलवले, "चुकलो गं ताई, घरी ये." आवाज टिपणारा म्हणाला, "काहीच ऐकू आलं नाही." दिग्दर्शकाने तेवढा तुकडा कापून टाकला.

हे पत्रही पाठवणार नाही. "कागदावर कुणीही काहीही लिहितं, तोंड दाखव आणि बोल," असं तू म्हणायचीस. आणि मधे पडदा नसताना तुझ्यापुढे उभं राहायची माझी छाती होत नाही.

तुझाच,
धडपड्या