लाटगडची लोकसंख्या

२ फेब्रु., रवि.
डाळजला माहेरी गेले. आबा अंगणात, जुनी वही मांडीवर. ओळखलं, पण मधूनमधूनच. वहिनी म्हणाली, "सकाळपासनं आबांनी तीनदा इचारलं, बाई, तुमी कुणाच्या? म्हटलं, तुमचीच सून हाय, आता कुठं जाऊ?" हसली. मग पदर डोळ्याला.
वही लाटगडची. मी तिसरीत असताना आबांनी न् मी हे राज्य काढलं. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्याला खेटून डोंगर, मधे सात घाट. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. आबा शाळेत भूगोल शिकवायचे. नकाशा त्यांचा, डोंगर रंगवायचे मी. तपकिरी खडू संपेपर्यंत.

५ फेब्रु., बुध. बारामती
डॉ. म्हणाले, जे विचारायचंय ते आता विचारून घ्या.
काय विचारू? दिवसभर टेबलाशी. एक ओळ नाही.

९ फेब्रु., रवि.
वहीची मागची पानं आज पहिल्यांदा नीट वाचली. लोकसंख्या. आबा जनगणनेच्या कामाला जायचे, तसेच रकाने: घर क्र., नाव, वय, कुठला डोंगर. लहानपणी वाटायचं, ही नावं आबांनी मनाने रचलीत. नाही. त्यांच्या जुन्या गावातली माणसं आहेत ही. ते गाव धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा आबा विशीत होते. कासार, गुरव, बोळक्या तोंडाची आत्या. सगळी अगदी वरच्या डोंगरांवर.
"इतक्या उंचावर का, आबा?"
"पाणी कितीबी चढलं तरी तितं येत न्हाय."
मेलेलं एकही माणूस खोडलेलं नाही. आजीसुद्धा आहे, वय गेली तेव्हाचंच.
खोडलेलं नाव एकच. माझं. पुढे शेरा: सासरी.

११ फेब्रु., मंगळ.
नियम बरोबर आहे. माणूस राहतं तिथं मोजायचं. मी बारामतीत राहते, बावीस वर्षं. आबांनी पट्टी धरून सरळ रेघ मारलीय.
पण मेलेल्यांना जागा आहे तिथं.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अगं, खेळातली वही ती." हो. खेळातलीच.
आबांच्या अक्षरात मीच माझं नाव लिहिलं तर? जमेल मला. कागदावर दोनदा गिरवून पाहिलं. फाडला. त्यांनी लिहायला हवं. अजून ते लिहू शकतात, तोवर

१६ फेब्रु., रवि.
आज अजिबात ओळखलं नाही. मी समोर बसले तसे ताठ झाले, वही उघडली, पेन्सिल घेतली.
"नाव?"
सांगितलं. सुमन, माहेरच्या आडनावासकट.
"राहणार?"
"लाटगड. कायम."
पेन्सिल रकान्यावर टेकली. थांबली.
"ह्या नावाची एक हाय आमची. डोंगर तिनंच रंगवल्यात."
"तिचं नाव तर खोडलंय, आबा."
"खोडलंय, व्हय. नियम हाय. पर घर मोकळंच ठिवलंय. तिला इचारल्याबिगर तुमाला कसं देऊ, बाई?" मग जरा मऊ आवाजात, "रविवारी येती ती. बसा तुमी."
वहिनीने चहा आणला. आम्ही दोघं फाटकाकडे बघत बसलो. पेन्सिल त्यांच्या हातातच होती.