कोपरे काटकोनी

सोमवार, ३
लाट पुन्हा बिघडली! मोठ्या हॉलमधलं फिरकी-यंत्र भर वेगात आपोआप बंद पडलं — आज चौथ्यांदा. साहेब सगळ्यांदेखत ओरडले, "तुमचा डेटा बॉक्स सुधारा, नाहीतर बॉक्ससकट घरी जा."

बॉक्स माझा, म्हणजे मी जोडलेला. यंत्राच्या चाकाचे दात मोजायचे, दर दातामागे विजेची एक चौकोनी लाट वीस मीटर केबलमधून झाकणाच्या कुलपाकडे पाठवायची, एवढंच त्याचं काम. मोटर बंद आणि लाटाही बंद, म्हणजे चाक थांबलं. मग कुलूप सुटतं, हिरवा दिवा लागतो आणि दादा झाकण उघडून आत हात घालतो.

हो, माझाच दादा. त्या यंत्रावर तोच असतो. म्हणून तर जीव टांगणीला.

मंगळवार, ४
कमी वेगाला लाट अगदी चौकोनी. वेग वाढला की प्रत्येक कोपऱ्याला शिंग फुटतं, मागोमाग थरथर. कुलूप ती थरथरही लाट म्हणून मोजतं, त्याला वाटतं वेग दुप्पट झाला, आणि घाबरून यंत्रच बंद करतं. निदान बंद तरी करतं!

जेवताना दादा म्हणाला, "काय चौकोनीबाई, आज किती कोपरे मोडले?" आई म्हणाली, "तिला दोन घास सुखाने खाऊ दे रे." वहिनी हसली. मला नाही हसू आलं.

गुरुवार, ६
अर्धी शिंगं माझीच! स्कोपच्या पडद्यावर लाट बघायला जो प्रोब लावते, त्याची अर्थिंगची तार हातभर लांब होती. आखूड तार लावली — निम्मी थरथर गायब. नाचता येईना, अंगण वाकडं! तीन दिवस बॉक्सला शिव्या घातल्या.

उरलेली मात्र खरी. बॉक्सपाशी लाट स्वच्छ, केबलच्या दुसऱ्या टोकाला वेडीवाकडी. टोकाला आपटून परत येते ती.

शुक्रवार, ७
आपटणारी लाट तिथेच जिरावी म्हणून टोकाला रेझिस्टर जोडला. नखाएवढा. स्कोपचं ऑटो बटण दाबलं — आणि काय लाट! पडदाभर. कोपरे काटकोनी. फोटो काढून साहेबांना पाठवला. यंत्र दिवसभरात एकदाही बंद पडलं नाही.

साहेब चक्क टेबलापाशी आले. "बघा, मनावर घेतलं की होतं." तपासणीच्या वहीत लिहिलं — कोपरे काटकोनी, ठीक. खाली सही. आज मी खूश आहे, उगाच खोटं कशाला बोलू!

सोमवार, १०
यंत्र सुरळीत. तरी हॉलमध्ये गेले की आधी दिव्याकडे बघते. का, ते कळत नाही.

बुधवार, १२
दादा खुशीत घरी आला. "तुझ्या दुरुस्तीने आमचा वेळ वाचायला लागला गं! दुपारी मोटर बंद केली न केली तोच दिवा हिरवा. आधी दहा मिनिटं ताटकळायचो."

"मग लगेच उघडलंस?"

"छे, चहा घेऊन आलो, मग उघडलं. पण साहेबांनी पाहिलं. म्हणाले, उद्यापासून आधी झाकण, मग चहा."

मनात पाल चुकचुकली. चाक तेवढंच जड, तेवढाच वेळ फिरणार — मग दिवा लवकर कसा? म्हटलं, "हिरवा झाला तरी थोडं थांबत जा."

"का? स्वतःच्या कामावर भरवसा नाही?"

मला राग आला. काय कमी खपले का त्या लाटेपायी! म्हटलं, "आहे." आणि ताट उचलून आत गेले.

गुरुवार, १३
दुपारी जेवण सोडून तो फोटो पुन्हा उघडला.

ऑटो बटण लाटेला पडद्यात बसवतं. लहान असली तर ताणून पडदाभर करतं. हे मला माहीत नाही? नवख्यांना मीच शिकवते! फोटोच्या कडेला बारीक आकडा होता — अडीच व्होल्ट. हवे होते पाच. रेझिस्टरने लाटेची उंची निम्मी केली आणि मी मेली कोपरेच बघत बसले. अडीच व्होल्ट कुलपाला जेमतेम दिसतात. दुपारी बॉक्स तापला की तेवढेही उरत नाहीत. मग कुलपाच्या लेखी लाट नाही, म्हणजे चाक थांबलं.

दादाला फोन लावला. फोन हॉलबाहेर ठेवावे लागतात. जिन्यावरून धावत सुटले. हॉलच्या दारातून ओरडले — त्याच्या कानात बोळे होते. दिवा हिरवा होता.

शनिवार, १५
दादाचा उजवा हात. मनगटापासून गेला. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला हे नशीब समजा." आई भिंतीला टेकून बसून आहे.

गुरुवारच्या गोंधळातच मी रेझिस्टर काढून घेतला. का काढला? आणखी कुणाचा हात जाऊ नये म्हणून. असं मी स्वतःला सांगते.

रविवार, १६
वहिनी दवाखान्यातून घरी गेली तेव्हा दादाला सगळं सांगितलं. उंची, ऑटो बटण, सही, रेझिस्टर. त्याने डाव्या हाताने उशी सरकवली. मग म्हणाला, "पाणी दे."

गुरुवार, २०
चौकशी झाली. दादाने सांगितलं, "दिवा लालच होता. मीच घाईने कुलूप ओढून उघडलं." साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे कुलूप ठीक होतं?"

मी म्हटलं, "हो."